बोलेरो पिकअपचं अॅव्हरेज वाढवायचंय? आधी अलाइनमेंट करा

नारायणगाव बायपासजवळच्या एका अलाइनमेंटवाल्याकडं आपली बोलेरो पिकअप दाखवली, टोमॅटोचे कॅरेट भरून वाशी मार्केटला जाते त्यामुळं डिझेलचा हिशोब रोजचाच. पुढचे टायर आतून खात होते, पोराने आधी टायर गार असताना हवा बघितली मग टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूनं किती आत वळलेली असावीत ते माप) सेट केला आणि मागची हवा लोडप्रमाणं ठेवायला सांगितली. हवा कमी असली की टायर दबतो, इंजिनला जास्त ओढावं लागतं, साधं गणित आहे. स्टेअरिंग एकदम हलकं झालं अन् अॅव्हरेजमध्ये फरक जाणवतोय, पण मालानुसार कमीजास्त होतंच.

एअर फिल्टर साफ करायचे वेगळे पैसे घेतले नाहीत, गर्दी मात्र लय, सकाळीच जा.

डिझेल पायपाला लावायचं ते मॅग्नेट विकणारे भेटतात ना, त्यांच्या नादी लागू नका राव, डिझेल काय लोखंड आहे का? त्यापेक्षा पीसीआरए (सरकारची इंधन बचतीची संस्था) सांगते तसं ४५-५५ च्या स्पीडला चालवा. हायवेला ८० नं पळवली आन् ताडपत्री फडफडत असली की हवाच गाडी मागं ओढते. पाचपैकी चार स्टार, एक गर्दीचा कापला.