जर्मनी की जपान? भाषेच्या बाजूने पाहिलं तर

नोकरीसाठी यांपैकी एक देश निवडताना लोक पगार बघतात, भाषेचा विचार विमानात बसल्यावर सुरू होतो.

जर्मन पहिल्या आठवड्यातच वाचता येते. लिपी रोमन, जादा अक्षरं चारच. घोडं अडतं ते लिंगांवर. मराठीसारखी तीनच, पण टेबल तिथे पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी! तर्क चालत नाही, घोकावंच लागतं.

जपानीचं उलट. वाक्याची घडण आपल्या ओळखीची: क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दामागे, लिंगाची भानगड नाही. त्यामुळे कामचलाऊ बोलणं मराठी माणसाला लवकर जमतं. दमछाक वाचताना होते. दोन अक्षरमाला उरकल्या तरी नित्य वापरातल्या 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, उरतातच, आणि घराचा करार त्यांच्यातच लिहिलेला असतो. शिवाय आदरार्थी बोली. साहेब ‘खातात’ आणि मी ‘खातो’ यांना क्रियापदंच वेगळी.

परीक्षांमध्येही फरक आहे. जपानीच्या जेएलपीटी या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची चाचणीच नाही, म्हणून एन2 ही वरून दुसरी पातळी मिळवूनही मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही अशी माणसं भेटतात. जर्मनसाठीच्या गोएथे संस्थेच्या परीक्षेत बोलावंच लागतं. जर्मनीत भाषेचा रोख फायदाही आहे: ब्लू कार्डवाल्याला (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) कायम वास्तव्य ए1 या सुरुवातीच्या पातळीवर 27 महिन्यांनी, बी1 ही मधली पातळी असेल तर 21 महिन्यांनीच मागता येतं.

आयटीवाल्यांना मी जर्मनीच सुचवेन. फक्त ऑफिसातलं इंग्रजी तिथे घात करतं. सगळे सांभाळून घेतात आणि जर्मन ए2 वरच रुतून बसते.