सबवूफरची घरघर: एकच एक्स्टेन्शन बोर्ड की आयसोलेटर?

आधी वूफर चालू ठेवूनच मागची आरसीए केबल (अ‍ॅम्पमधून आवाजाचा सिग्नल आणणारी) काढून बघा, घरघर थांबली तर बहुतेक ग्राउंड लूप (दोन उपकरणांचं अर्थिंग वेगवेगळ्या जागी असलं की केबलमधून बनणारा, घरघर आणणारा फेरा) किंवा केबलच खराब, आणि तरीही चालूच राहिली तर दोष बहुतेक वूफरच्या आतच, मग खालचं काही कामाचं नाही.

लूप असेल तर पहिला उपाय फुकटचा, वूफर आणि अ‍ॅम्प दोन्ही एकाच बोर्डावर लावायचे म्हणजे दोघांचं अर्थिंग एकाच जागी येतं. माझी घरघर यानेच अर्धी गेली, उरलेली केबल टीव्हीची वायर काढल्यावर, तिचं ग्राउंड वेगळं असतं ना!

आयसोलेटर म्हणजे छोटी डबी, आत ट्रान्सफॉर्मर, केबलच्या मधे लावली की आवाज पुढे जातो पण ग्राउंडचा जोड तुटतो. काम पटकन होतं, पण स्वस्तातला घेतला तर 30-40 हर्ट्झच्या खालचा बेस पातळ होतो, आणि वूफर घेतलाच त्यासाठी ना राव. म्हणून माझं मत आधी बोर्ड, नाहीच जमलं तर चांगला आयसोलेटर.

आणि हो, अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक बसू शकतो.