ते बारा शब्द कुणालाच देऊ नका

देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. हंगाम संपल्यावर वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद आणि पैसे, आली, त्यातले १,४०,००० रुपये मी क्रिप्टोत घातले आणि एका संध्याकाळी ते गेले. लाजेपोटी गप्प होतो. पण परवा वाडीतल्या एका पोराने "काका, वॉलेट कसं उघडायचं?" विचारलं, म्हणून लिहितोय.

एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपवर, रुपये देऊन यूएसडीटी नावाचं क्रिप्टो घेतलं. एक यूएसडीटी म्हणजे साधारण एक डॉलर, एवढं कळलं होतं. मग क्रिप्टोच्या एका ग्रुपवर कुणी म्हणालं, स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे क्रिप्टो आपल्याच ताब्यात ठेवायच्या ॲपमध्ये, ठेवा. ते उघडताना ॲपने बारा इंग्रजी शब्द दाखवले, लिहून ठेवा म्हणून. याला सीड फ्रेज म्हणतात. हाताशी पट्टी होती, तिच्याच पाठीवर पेनाने उतरवले. ते कशासाठी, हे कुणाला विचारलं नाही.

पावसाआधी गड्यांचे पैसे भागवायचे होते. यूएसडीटी विकायला एक्स्चेंजवर परत पाठवायला गेलो तर ॲप सांगे, गॅस फीपुरती (पाठवण्याच्या शुल्कापुरती) शिल्लक नाही. इथेच घात झाला. माझे यूएसडीटी इथेरियम नावाच्या नेटवर्कवर होते; तिथे ते हलवायचे तर शुल्क इथरमध्येच, म्हणजे त्या नेटवर्कच्या स्वतःच्या क्रिप्टोत, लागतं आणि माझ्याकडे इथर शून्य. थोडं इथर घेतलं असतं तर काम झालं असतं. मला वाटलं, पैसे अडकले.

ग्रुपवर विचारलं. पाच मिनिटांत 'सपोर्ट'चा मेसेज, चक्क मराठीत: "दादा, वॉलेट व्हेरिफाय करावं लागेल." लिंक उघडली, त्यात बारा चौकोन. पट्टी उलटी धरून एकेक शब्द भरला. दहाव्याचं स्पेलिंग चुकलं, तर "सावकाश भरा दादा" म्हणाला. जेवून उठलो तोवर वॉलेट रिकामं.

वॉलेटचा पत्ता खातेनंबरासारखा असतो, पैसे मागवायला तो खुशाल द्या. बारा शब्द म्हणजे मात्र सगळं वॉलेटच. ज्याच्या हाती ते, त्याला तुमचा फोन लागत नाही, पिन नाही की ओटीपी नाही. पैसे कुठल्या पत्त्यावर गेले ते ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या उघड्या नोंदवहीत, मला आजही दिसतं. ते मागे फिरवणारी बँक तिथे नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) दिला. अजून काही हाती आलेलं नाही.

आठवड्याने दुसराच फोन. "तुमचे पैसे सोडवून देतो, आधी १५,००० भरा." मी हो म्हणायच्या बेतात होतो. बायकोने फोन हातातून काढून घेतला.