समलिंगी जोडप्यांसाठी पणजीतील एक वकिली सल्ला सेवा

लग्नाची नोंद होत नाही, तर निदान घर, बँक आणि इस्पितळ येथे आम्हा दोघींना एकमेकींच्या म्हणून उभे राहता यावे, एवढ्या अपेक्षेने आम्ही पणजीतील एका वकिली कार्यालयाची सल्ला सेवा घेतली. या सेवेचा मोठा गुण म्हणजे तेथे खोटी आशा दाखवली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून हा विषय संसदेवर सोपवला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या, हे वकीलबाईंनी आरंभीच स्पष्ट केले.

बँकेचे काम सर्वांत सुरळीत झाले. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले होते. त्या सूचनेची प्रत कार्यालयाने आमच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावून दिली होती. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून ‘बहिणी काय?’ असे विचारताच आम्ही ती पुढे सरकवली. तो व्यवस्थापकांकडे जाऊन आला आणि अर्ज स्वीकारला गेला. इस्पितळासाठीचे अधिकारपत्र मात्र आणीबाणीत कितपत मानले जाईल, याची हमी कोणी देत नाही, आणि वकीलबाईंनीही दिली नाही.

या सेवेची खरी कसोटी मृत्युपत्रात लागते. गोव्यात आई-वडील किंवा मुले असतील, तर अर्धी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते. उरलेल्या अर्ध्याचेच मृत्युपत्र करता येते. हयातीत बक्षीसपत्र करून ही मर्यादा ओलांडली, तरी पुढे त्याला आव्हान मिळू शकते, आणि आई-वडिलांनी आज सही करून भावी वारसाहक्क सोडून देण्याची सोयही नाही. (ही चौकट ज्या पोर्तुगालच्या १८६७ च्या संहितेतून आली, त्या देशाने २०१० मध्येच समलिंगी विवाहाला मान्यता दिली.) म्हणजे आमच्यासारख्यांसाठी घरच्यांची संमती हा केवळ भावनेचा प्रश्न राहत नाही, तो मालमत्तेच्या व्यवस्थेचाच भाग होतो. हे ओळखून कार्यालय पालकांसाठी वेगळी बैठक घेते, आणि इतरत्र मला न दिसलेली ही गोष्ट आहे. माझ्या आईने तेथे नेमका प्रश्न विचारला: ‘हिच्यामागे माझ्याकडे आलेला वाटा उद्या हिच्या भावाकडे गेला, तर या मुलीने घर सोडायचे काय?’ आईने स्वतःच्या मालमत्तेतील मोकळ्या हिश्श्याचे मृत्युपत्र माझ्या जोडीदाराच्या नावे करणे हा एक मार्ग आहे, असे वकीलबाईंनी कागदावर आकृती काढून समजावले. इतर नातेवाइकांचे शेरे ऐकून घेणारी आई त्या आकृतीपुढे बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. लग्नाच्या हक्कावरच्या भाषणांनी हे साधले नसते, असे माझे मत आहे.

उणिवाही आहेत. मसुदे केवळ इंग्रजीत मिळतात. मराठी किंवा कोकणीत तोंडी समजावले जाते, पण आईला घरी नेऊन वाचता येईल असा कागद नाही. शुल्काचा तपशील आधी लेखी मिळाला नाही आणि नोटरीचा खर्च वेगळा असल्याचे उशिरा कळले. घर अजून घ्यायचे असेल, तर खरेदीपूर्वीच जावे: दोघांची नावे व प्रत्येकाने भरलेली रक्कम खरेदीखतातच नोंदवून घेण्याचा त्यांचा सल्ला, खरेदी होऊन गेलेल्या आमच्यासारख्यांना तितकासा उपयोगी पडत नाही.