रेग्युलेटरच्या किटसाठी ९१,१६० रुपये फसवणुकीत गेले, डायव्हिंगवाल्यांनी नक्की वाचा

९१,१६० रुपये. आकडा पूर्ण लिहितोय, कारण आठवडाभर मी तो घरातही सांगितला नव्हता. 'थोडं ॲडव्हान्स अडकलंय' एवढंच हिला म्हणत राहिलो. तो आठवडाच नडला. गोव्यात, मालवणात, तारकर्लीला जे डायव्हिंगच्या धंद्यात आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

वास्कोला माझं छोटं वर्कशॉप आहे. ग्रँड आयलंडला जाणाऱ्या दोन बोटींवरचे मिळून चौदा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायची यंत्रं, माझ्याकडे असतात. पावसाळ्यात डायव्हिंग बंद, तेव्हाच सर्व्हिसिंग उरकायचं. वर्षातून एकदा किंवा शंभर डाइव्ह झाल्या की किट बदलतो: ओ-रिंग, फिल्टर, फर्स्ट स्टेजची (सिलिंडरवर बसून दाब उतरवणारा भाग) हाय प्रेशर सीट, म्हणजे हवा अडवणारी बारीक गादी, आणि दोन्ही सेकंड स्टेजच्या (तोंडात धरायचा भाग) सीट. ओ-रिंगवाचून काही अडत नाही. सिलिंडरच्या तोंडावरची ०१४, हाय प्रेशर होजची ०१२, ही ठरलेली मापं आहेत, चांगल्या सीलवाल्याकडे मिळतात. अडतं ते सीटवर. ती मॉडेलप्रमाणे वेगळी आणि कंपनीच बनवते. आमची कंपनी दीड वर्षापासून पैशाच्या अडचणीत आहे. तिचं नाव घेत नाही, फसवणारी ती नव्हे. पण किट फक्त अधिकृत डीलरला देतात, आणि डीलर म्हणतो, 'ऑर्डर टाकून ठेवलीय, वरून माल नाही.' हे मी मार्चपासून ऐकत होतो. ऑक्टोबरला सीझन उघडतो. बोटीचा हप्ता सीझनची वाट बघत थांबत नाही.

जुलैत व्हॉट्सअॅपवर एक फोटो फिरत आला. लोखंडी रॅक, त्यावर आमच्याच कंपनीच्या किटची सीलबंद पाकिटं, खाली कोपऱ्यात एक पिवळी बादली. 'वितरकाने एजन्सी सोडली, चेन्नईच्या गोदामातला माल काढायचाय.' फोन लावला तर माणूस स्वच्छ मराठीत बोलला. 'दादा, गोव्यात फक्त तुम्हालाच देतोय.' या धंद्यात रोज हिंदी-इंग्रजीत घासाघीस करावी लागते. कुणी मराठीत दादा म्हटलं की माणूस सैल पडतो, मीही पडलो.

तरी मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत, हे लिहून ठेवतो. आधी एकाच रेग्युलेटरचं किट मागवलं. फर्स्ट स्टेज ३,२०० आणि सेकंड स्टेजची दोन किटं १,४५० प्रमाणे, एकूण ६,१००. पाच दिवसांत आलं. अस्सल होतं. बसवलं, दाब मोजायच्या गेजवर लावलं, सुई हलली नाही. नमुना बघून माल घेतला, यात मूर्खपणा काय होता? नमुना चांगला द्यायचा आणि मोठ्या ऑर्डरला मान कापायची ही रीत जुनी आहे, तुम्हालाही माहीत असेल. मलाही माहीत होती.

उरलेल्या तेरांचे ७९,३०० झाले. ४ ऑगस्टला निम्मे, ३९,६५०. ९ ऑगस्टला 'पॅकिंग झालं, फोटो पाठवतोय' म्हणून उरलेले ३९,६५०.

आणि मग १३ ऑगस्ट. हा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. धक्क्यावर इंजिन उघडून बसलो होतो, दोन्ही हात ग्रीसने माखलेले. फोन आला. 'दादा, माल कस्टममध्ये अडकलाय, ११,८६० भरा, संध्याकाळी सुटेल.' मी चिंधीला हात पुसले, बोटाचा ठसा लागेना म्हणून पॅटर्न काढून फोन उघडला आणि भरले. चेन्नईच्या गोदामात पडलेला माल वास्कोला यायला कस्टम कुठून आलं? देशातल्या देशात माल हलवायला कस्टम लागत नाही हे शाळेतलं पोर सांगेल. बंदराच्या गावात जन्म गेला माझा! शिवाय कस्टमचे पैसे कुणा माणसाच्या यूपीआयवर जातच नाहीत. स्क्रीनवर नाव आलं होतं ते एका बाईचं, आधीच्या दोन्ही वेळी आलेल्या नावापेक्षा वेगळं. ते मी वाचलं. वाचून पिन टाकला. चवथ (गणेश चतुर्थी) दोन आठवड्यांवर आली होती, चार दिवस गावी जायचं होतं, त्याआधी किटं हातात हवी होती. कारण एवढंच.

बिलही घरात पडून होतं. पत्ता चेन्नईचा आणि जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. ०७ म्हणजे दिल्ली. तमिळनाडूचा ३३, आपला गोव्याचा ३०. मी स्वतः रोज ३० ने सुरू होणारी बिलं फाडतो. बिल आलं की पहिले दोन आकडे बघा, मग जीएसटीच्या पोर्टलवर पूर्ण नंबर टाकून नाव जुळतं का ते बघा. दोन मिनिटं लागतात.

२० ऑगस्टला खोका आला. पाकिटं हुबेहूब, पण छपाई किंचित फिकी. सीट नखावर घेतली तर कडेला साच्याची बारीक रेघ हाताला लागली. तरी एक बसवून पाहिली. सिलिंडरला दोनशे बार दाब, फर्स्ट स्टेजने तो साडेनऊवर आणायचा. सुई साडेनऊवर थांबली. मला वाटलं, वाचलो. मग हळूहळू सरकायला लागली. दहा. पावणेअकरा. पाच मिनिटांत बारा, आणि सेकंड स्टेज फुसफुसायला लागला. पाण्याखाली हेच झालं असतं तर हवा बंद पडत नाही, उलट धो धो वाहते आणि सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या पर्यटकाच्या तोंडात तो रेग्युलेटर असता तर? त्या माणसाने माझे पैसे खाल्ले याच्यापेक्षा हे मला जास्त खुपतं. कुठूनही आणलेली सीट असो, रात्रभर गेजवर ठेवल्याशिवाय बोटीवर देऊ नका.

फोन केला तर म्हणाला, 'बदलून देतो, आधी ८,५०० डिपॉझिट भरा.' ते नाही भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता पोलीस. पहिल्या दिवशी, 'साहेब ना, फाल्यां यो.' (साहेब नाहीत, उद्या या.) दुसऱ्या दिवशी तीन तास बाकावर. शेवटी तक्रार लिहायला घेतली, तर टाइप करणाऱ्याने 'गॅस रेग्युलेटरचे सुटे भाग' असं लिहिलं. मी म्हटलं, स्वयंपाकाच्या गॅसचा नाही हो, पाण्याखाली श्वास घ्यायचा. तो कागद बदलून मिळायला आणखी एक दिवस. आणि मग साहेबांनी विचारलं, 'माल मिळाला ना? मग हा व्यवहारातला वाद. दिवाणी आहे. कोर्टात जा.' बनावट माल देऊन, खोटं कस्टम सांगून पैसे उकळले, हा वाद? माणूस चेन्नईचा की दिल्लीचा ठाऊक नाही म्हणून 'हद्द आमची नाही' हेही ऐकवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मला घरी येऊन कळलं. तुम्ही कलम कागदावर लिहूनच आत जा.

बँकेत तीन खेपा. 'पिन तुम्हीच टाकलात.' रिझर्व्ह बँकेचा तेव्हा ६ जुलै २०१७ चा नियम होता, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तो मी पुढे केला. तो आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांना लागतो, स्वतः केलेल्यांना नाही, एवढं मॅनेजरने डोकं वर न करता सांगितलं. बरोबर असेलही. पण पैसे गेले ते खातं त्यांच्याच बँकेचं, ते गोठवा म्हटलं तर 'पोलिसांचं पत्र आणा'. पोलीस म्हणतात दिवाणी. मग पत्र कोण देणार मला?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी फोन केला तो २७ तारखेला, चवथीच्या दिवशी, हिला सगळं सांगितल्यावर. तोवर खातं रिकामं. शंका आल्याबरोबर, त्याच तासाला १९३० लावा, लाज घरी ठेवा. चॅट पुसू नका. खोका उघडताना व्हिडिओ काढा, माझ्याकडे तो नाही.

गेल्या आठवड्यात तारकर्लीच्या एका ओळखीच्याने मला एक फोटो पाठवला, 'घेऊ का?' म्हणून. नंबर नवीन, कंपनी दुसरी, पण रॅक तोच, पाकिटांची ठेवण तीच आणि कोपऱ्यात तीच पिवळी बादली. तुमच्याकडे तो फोटो आला तर एक रुपयाही पाठवू नका, नंबरासकट जपून ठेवा आणि मला कळवा. माझ्या तक्रारीला जोडायचाय.