स्टिकर बरा की टॅग?
हरवलेल्या वस्तूंचं ॲप बांधायचं तर क्यूआर स्टिकरवर की ब्लूटूथ टॅगवर? टॅग स्वतः जागा सांगत नाही, जवळून जाणारे फोन ती कळवतात. म्हणजे पणजीच्या बसस्टँडवर उत्तम, सत्तरी तालुक्यातल्या आडवाटेला गप्प. वर नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलत राहा.

स्टिकरला बॅटरी नको, पण वस्तू सापडेल तो माणूस भला हवा. बेतीच्या फेरीबोटीत राहिलेली माझी छत्री एका काकांनी स्कॅन करून परत पोचवली. (टॅग छत्रीपेक्षा महाग पडला असता!) माझं मत स्टिकरला. फक्त स्कॅन केल्यावर मालकाचा नंबर दिसता कामा नये, निरोप ॲपमधूनच जावा. आणि गोंद चांगला घ्या. माझा पहिला स्टिकर जूनच्या पावसातच सुटला.