मान दुखते, तर रिफॉर्मर लावावा की मॅट?

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये एका सहकारी मॅडमनी विचारलं, "सर, पिलाटीसचे रिफॉर्मर आणि मॅट तुम्ही दोन्ही करून पाहिलंय ना? मग मी पैसे कुठे भरू?" पिलाटीस ही एक व्यायामपद्धत. तिचे वर्ग दोन प्रकारचे: मॅटचे, म्हणजे फरशीवर चटई घालून, आणि रिफॉर्मरचे, म्हणजे सरकत्या पाटाच्या, स्प्रिंगा लावलेल्या यंत्रावर. त्यांची मान दीड वर्षापासून दुखते आहे. एमआरआयमध्ये काळजीचं काही निघालं नाही, डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं. मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहितो. त्यांच्यासारखे आणखीही असतील.

माझं वय ४८. ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, आणि दरवर्षी परीक्षा संपल्या की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. चार वर्षांपूर्वी पेपर तपासता तपासता उजव्या कानामागून खांद्याच्या पात्यापर्यंत एक ओढ बसली, ती सुटलीच नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलं की दुखणं जुनाट म्हणायचं. मी व्यायामाकडे वळलो तेव्हा माझं दोन वर्षांचं झालं होतं. हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून सुटत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर हे वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मी लिहितोय ते आखडलेल्या, थकलेल्या मानेबद्दल.

योग का नाही, हा प्रश्न नागपुरात येणारच. रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ ज्या शहरात आहे तिथे तो यायलाच हवा. माझं उत्तर असं, की योग कमी पडतो म्हणून मी पिलाटीसकडे गेलो नाही. जुनाट मानदुखीवर दोन्हींची तुलना करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात योग आणि पिलाटीस या दोन्ही गटांना फायदा झाला. मला माझ्या फिजिओथेरपिस्टने पिलाटीस सुचवलं आणि ते मला मानवलं, इतकंच. आणि सर्वांगासन-हलासन दुखऱ्या मानेने करू नये म्हणतात, तसंच पिलाटीसमध्येही आहे. मॅटवरच्या मूळ ३४ व्यायामांत रोल-ओव्हर आणि जॅकनाइफ आहेत, त्यात भार मानेच्या बुडाशी येतो. ते तुमच्यासाठी नाहीत. वर्ग कोणताही लावा, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

आता रिफॉर्मर. मी तीन महिने धरमपेठेच्या बाजूला एका स्टुडिओत गेलो, आठवड्यातून दोनदा. लोकांचा समज असा असतो की मॅट म्हणजे जुनं-साधं आणि यंत्र म्हणजे पुढची पायरी. तसं नाही. जोसेफ पिलाटीस १९२६ च्या सुमारास जर्मनीहून न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी मॅट आणि स्प्रिंगांची यंत्रं दोन्ही बरोबरीने शिकवली. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. शरीरावर ताबा आला पाहिजे, तो कशावर झोपून येतो हा नंतरचा प्रश्न.

दुखऱ्या मानेला यंत्राचा एक मोठा आधार आहे, तो मान्य करायलाच हवा. तुम्ही सरकत्या पाटावर उताणे पडता, डोकं टेकलेलं असतं, आणि हात-पाय स्प्रिंगच्या जोरावर काम करतात. डोकं सुमारे पाच किलोचं असतं. ते दिवसभर तोलून तोलून मान थकलेली असते. तिला विश्रांती देऊन बाकीच्या शरीराकडून काम करून घ्यायचं, हे रिफॉर्मरवर फार सहज जमतं. हातात पट्टे धरून ते मांडीकडे खेचताना पात्यांच्या खालचे स्नायू मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवले. तोवर कपाटावरची बॅग काढण्यापासून फळ्यावर लिहिण्यापर्यंत सगळं मी खांदे कानाशी नेऊनच करत होतो. ही जाणीव यंत्राने दिली, ते ऋण आहे. खांद्यांना टेकणारे दोन ठोकळे मात्र मला थोडे त्रासदायक वाटले. पायाने जोर लावला की नकळत खांदे त्यांवर दाबले जायचे आणि मान ताठ व्हायची. सगळ्यांना तसं होईलच असं नाही.

पण माझा निर्णय यंत्रावर झालाच नाही. तो परतीच्या रस्त्यावर झाला.

मी राहतो नंदनवनला. वर्ग संध्याकाळी सातचा. आठ वाजता मी त्या स्टुडिओतून बाहेर यायचो तेव्हा मान खरोखर हलकी झालेली असायची, डोकं कुणीतरी वरून अलगद धरल्यासारखं. मग गाडीच्या डिकीतून हेल्मेट काढायचं. किलोभराच्या वरचं ते वजन नुकत्याच सैल झालेल्या मानेवर चढवायचं आणि निघायचं. सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे आहेत. स्कूटरवर ते कमरेला फारसे कळत नाहीत, मानेला मात्र एकेक कळतो. सिमेंट संपून डांबर लागतं तिथे एक पायरी, कडेला गट्टू उखडलेले, वस्तीत शिरलं की गतिरोधक. दर धक्क्याला हनुवटी पुढे जायची, मानेचा मागचा भाग आवळायचा, आणि खांदे कानांकडे निघायचे. तासभर घोटून घेतलेलं सगळं उलट्या दिशेने. अर्ध्या-पाऊण तासाने घरी पोचायचो तेव्हा कानामागची ती जुनी ओढ परत आलेली असायची. तीन महिन्यांत एकदाही असं झालं नाही की वर्गातलं हलकेपण घरच्या जेवणापर्यंत टिकलं. बायको दार उघडताच विचारायची, "आज बरं वाटलं का?" आणि मी दर वेळी म्हणायचो, "तिथे असताना वाटलं." हेच वाक्य विसेक वेळा बोलल्यावर मला माझंच उत्तर ऐकू आलं.

मेट्रोने शंकरनगरपर्यंत जाऊन पाहिलं. प्रवास सुखाचा, मानेला अजिबात त्रास नाही. पण नंदनवनातून स्टेशन गाठायला पुन्हा गाडी किंवा ऑटो लागतोच, आणि ऑटोचे धक्के काही वेगळे नाहीत. कार असेल किंवा घर स्टुडिओजवळ असेल, तर माझा हा आक्षेप तुम्हाला लागू नाही.

मॅटचा पहिला अनुभव वाईट होता, तोही सांगतो. एका मोठ्या वर्गात पंचवीस जण, समोर मोठ्याने आकडे मोजणं, आणि पहिल्याच दिवशी हंड्रेड. त्यात डोकं-खांदे उचलून धरायचे आणि हात वरखाली करत पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. दुसऱ्या दिवशी मला उशीवरून डोकं हाताने उचलावं लागलं. मॅटला बोल लागतो तो अशा वर्गांमुळे. इथे डोक्याला आयता आधार नसतो, तो शिकवणाऱ्याने द्यावा लागतो.

पुढे आमच्याच भागात एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा चार जणांचा वर्ग मिळाला. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवली, चेहरा छताला समांतर येईपर्यंत एकेक पदर कमीजास्त केला आणि म्हणाल्या, "सर, हंड्रेडमध्ये तुमचे हात आणि श्वास. मान खालीच राहू द्या." मग त्यांनी जो व्यायाम दिला तो बघणाऱ्याला व्यायाम वाटणारच नाही. हनुवटी आणि गळ्यामध्ये एक छोटं संत्रं आहे असं समजायचं. 'हो' म्हणताना हलते तितकीच मान पुढे, बारीकशी. संत्रं पडू द्यायचं नाही आणि त्याचा रसही काढायचा नाही. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवायची. तिथली दोरीसारखी शीर (खरं तर तो स्नायू) ताठ झाली, तर जोर जास्त झाला. मणक्याला चिकटून असलेले आतले स्नायू जागे करायचे असतात आणि ते हलक्या कामालाच जागे होतात, असं ताईंचं सांगणं. पहिले दोन आठवडे माझी ती शीर दर वेळी ताठ व्हायची. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती मऊ राहिली, आणि मी तसाच पडून राहिलो कितीतरी वेळ.

माझ्या लेखी मॅट जिंकली ती या गोष्टीसाठी. हा व्यायाम मी घरी, फरशीवर, कूलर सुरू व्हायच्या आधी सकाळी करू शकतो. (कूलरचा झोत थेट मानेवर घेऊन झोपत असाल तर आधी त्याचं तोंड फिरवा. मला तरी त्याने फरक पडला.) दुपारी पेपर तपासताना ओढ जाणवली की गठ्ठा बाजूला सारून पाच मिनिटं आडवं होतो. रिफॉर्मरचं शिकलेलं रिफॉर्मरपाशीच राहत होतं. माझी मान दुखते ती टेबलाशी.

फरक किती, हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. आधी दहा पेपर झाले की उठावं लागायचं, या वर्षी एका बैठकीत पंचवीस झाले. मेडिकल चौकात वळताना पूर्वी अख्खं धड फिरवून मागे बघायचो, आता मान पुरते. दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. थंडीत सकाळी अजून जाणवतं. आणि पहिले तीन महिने रिफॉर्मरवर पाती कुठे असतात ते कळलं नसतं, तर मॅटवर इतक्या लवकर जमलं असतं का, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही. खर्चाचं म्हणाल तर स्टुडिओचे मला तिपटीहून जास्त पडले.

तेव्हा फरशीवर उठबस जमत नसेल, गुडघे दुखत असतील, किंवा मॅटच्या वर्गात चार-सहापेक्षा जास्त माणसं असतील, तर रिफॉर्मर घ्या. नाहीतर चांगला छोटा मॅटवर्ग शोधायला थोडे कष्ट घ्या, असं मी सुचवेन.

मॅडम लक्ष्मीनगरला राहतात, त्यांच्या घरापासून एक स्टुडिओ पायी दहा मिनिटांवर आहे. त्यांना मी म्हटलं, आवडत असेल तर जा, पण आठच सत्रांचे पैसे भरा, वर्षाचे नको. मग बॅगेतला नॅपकिन काढला आणि चेहरा छताला समांतर येईल अशी घडी कशी करायची, ते स्टाफरूमच्या टेबलावर त्यांना करून दाखवलं. त्यांनी ती घडी उलगडली आणि स्वतः पुन्हा करून पाहिली.